आभार कुणी कुणाचे मानायचे? मुंबई-आग्रा रोडवरच्या दोन पायी प्रवासांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा डेटा पॅक संपलाय, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, त्यामुळे 'तर' आणि 'म्हणजे' जरा जास्त दिसतील. सांभाळून घ्या.

तर आज आपण इतिहास बोलणार आहोत, पण राजा-राणीचा नाही. एका रस्त्याचा. मी पिंपळगाव बसवंतचा. बाहेरच्या माणसाला आमचं गाव दोन गोष्टींनी माहीत असतं. एक, टीव्हीवर कांद्याचे आणि टोमॅटोचे भाव सांगताना आमच्या मार्केटचं नाव येतं. आणि दोन, हायवेवरचा टोलनाका. नाशिकहून धुळ्याकडे निघालात की ओझर जातं, मग आमचं गाव, मग वडनेर भैरव, चांदवड, राहूडचा घाट आणि मालेगाव. हा मुंबई-आग्रा रोड, जुना एनएच ३. आमच्याकडे याला कुणी नंबरने ओळखत नाही. 'आग्रा रोड' म्हटलं की झालं.

या रोडवर गेल्या काही वर्षांत दोन मोठे पायी प्रवास झाले. एक मुंबईच्या दिशेने, २०१८ मध्ये. दुसरा मुंबईकडून उलट्या दिशेने, २०२० मध्ये. दोन्ही वेळा हजारो माणसं चालली. दोन्ही वेळा ओळख ना पाळख अशा लोकांनी त्यांना पाणी दिलं, जेवण दिलं, चपला दिल्या. या मदतीच्या बातम्या, व्हिडिओ तुम्ही तेव्हा पाहिले असतीलच. पण मला आज वेगळा प्रश्न विचारायचाय. या सगळ्यात आभार कुणी कुणाचे मानायचे?

पहिला प्रवास: नाशिक ते मुंबई, मार्च २०१८

६ मार्च २०१८. नाशिकच्या सीबीएस चौकातून अखिल भारतीय किसान सभेचा लाँग मार्च निघाला. निघताना पंचवीस हजारांच्या आसपास माणसं होती, आणि मुंबईत पोचेपर्यंत आकडा चाळीस-पन्नास हजारांवर गेल्याच्या बातम्या होत्या. अंतर साधारण १८० किलोमीटर. कसारा घाट उतरून, शहापूर, भिवंडी, ठाणे करत मुंबई.

यात बहुसंख्य कोण होते? सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या पट्ट्यातले आदिवासी शेतकरी. आमच्या भागातल्या पोरांना हे लोक चांगले माहीत आहेत. द्राक्षाच्या सीझनला बागेत छाटणीला, डिपिंगला, थिनिंगला, काढणीला ज्या टोळ्या येतात त्या याच गावांतून. पिंपळगाव, निफाड, दिंडोरीच्या द्राक्षाला जे नाव मिळालंय त्यात या हातांचा मोठा वाटा आहे. त्यांची मुख्य मागणी होती कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी ही. वनहक्क कायदा २००६ चा, पण दावे वर्षानुवर्षं पडून. त्याशिवाय कर्जमाफी, हमीभाव, नदीजोडचं पाणी अशा मागण्या होत्या.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही माणसं मागायला निघाली होती, पण भीक मागायला नाही. तांदूळ, डाळ असा शिधा त्यांनी सोबत घेतला होता. रस्त्याकडेला चुली मांडून स्वयंपाक करत ते चालत होते.

११ मार्चला, रविवारी, मोर्चा मुंबईत शिरला आणि चुनाभट्टीजवळच्या सोमय्या मैदानात थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी आझाद मैदानाकडे निघायचं ठरलं होतं. पण सोमवारी दहावीचा पेपर होता. एवढी माणसं सकाळी रस्त्यावर उतरली असती तर पोरं ट्रॅफिकमध्ये अडकली असती. मग ठरलं की रात्रीच निघायचं. पाच-सहा दिवस उन्हात चाललेली माणसं, काहींच्या पायात चपला नाहीत, टाचा फुटलेल्या, फोड आलेले. ती माणसं झोप सोडून मध्यरात्रीनंतर उठली आणि अंधारात आणखी १२-१५ किलोमीटर चालली. पहाटे आझाद मैदानात पोचली. मुंबई उठायच्या आत.

त्याआधीपासूनच मुंबईकर रस्त्याकडेला उभे राहायला लागले होते. कुणी पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, केळी घेऊन आलं, कुणी पोहे. शीख बांधव आले, मुस्लिम वस्त्यांतले लोक आले. डबेवाल्यांनी त्यांच्या रोटी बँकेतर्फे जेवण पोचवलं. डॉक्टरांनी पायांना मलमपट्टी केली. लोकांनी चपलांचे जोड आणून दिले. फुटलेल्या टाचांचे फोटो देशभर फिरले.

तेव्हा हेडलाइन काय होती? 'मुंबईकरांचं मोठं मन'. आणि ते खरंच होतं, मी नाकारत नाही. पण दहावीच्या पोरांचं काय? ती कोण, कुठल्या शाळेतली, हे सुरगाण्याच्या माणसाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तरी त्यांच्या पेपरसाठी त्याने आपली झोप दिली. म्हणजे अनोळखी माणसावर दया फक्त मुंबईने केली नाही. मुंबईवरही झाली.

रस्त्याची जुनी सवय

आता थोडं मागे जाऊ. ही रस्त्याकडेला उभं राहून पाणी द्यायची गोष्ट सोशल मीडियाने शोधलेली नाही.

आमच्या पुढे, याच रोडवर, चांदवड आहे. तिथला रंगमहाल म्हणजे होळकरांचा वाडा, अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जातो. माळव्यातून दक्षिणेकडे यायच्या वाटेवरचं हे ठाणं. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, मृत्यू १७९५ चा. त्यांनी देशभर बांधलेल्या विहिरी, बारवा, घाट, धर्मशाळा आपल्याला शाळेत पाठ असतात. पण एक गोष्ट शाळेत सहसा निसटते. या दानधर्माचा खर्च त्या होळकरांच्या 'खासगी'तून, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या उत्पन्नातून करत. आणि विहीर बांधणारी बाई ती विहीर कुणासाठी बांधते? जो वाटसरू तिला कधीच दिसणार नाही, त्याच्यासाठी. तो वाटसरू पाणी पिऊन आभार मानायला येणार नाही हे माहीत असतानाच दगड रचले जातात.

याच विचाराची लहान आवृत्ती म्हणजे पाणपोई. उन्हाळा लागला की झाडाखाली रांजण, त्यावर ओलं फडकं आणि एक ओगराळं. आमच्याकडे चैत्रात आणि नवरात्रात वणीच्या गडावर, सप्तशृंगीला, चालत जाणाऱ्यांची रीघ लागते. खानदेशातून तर लोक कित्येक दिवस चालून येतात. त्यांच्यासाठी गावोगावी मंडप पडतात, चहा, साबुदाणा, जेवण होतं. चालणाऱ्याला कुणी जात, गाव विचारत बसत नाही. तो 'मदत घेणारा' नसतो. तो पाहुणा असतो.

आणि गाडगेबाबा. जन्म १८७६, निर्वाण १९५६. नाशिकला गोदाकाठी त्यांची धर्मशाळा आहे, पंढरपूर, आळंदी, देहूलाही आहेत. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार घेणारे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. हजारोंच्या डोक्यावर छप्पर उभं करणारा हा माणूस स्वतः मात्र कुणाकडे फुकट जेवत नसे. आधी अंगण झाडायचं, लाकडं फोडायची, आणि मग भाकरी घ्यायची. ती सुद्धा खापरात. त्यांना कळलं होतं की घेणाऱ्यालाही काहीतरी देता आलं पाहिजे, नाहीतर भाकरी गळ्याखाली उतरत नाही.

हे डोक्यात ठेवा. आता २०२० कडे येऊ.

दुसरा प्रवास: मुंबईपासून दूर, २०२०

२४ मार्च २०२०, रात्री आठ वाजता लॉकडाऊन जाहीर झाला. रात्री बारापासून लागू. हातात चार तास. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असाल. मी बारावीचे पेपर नुकतेच संपवून घरी बसलो होतो.

मुंबई, ठाणे, भिवंडीत काम करणाऱ्या उत्तरेकडच्या मजुरांचं काम एका रात्रीत बंद झालं. खोलीचं भाडं चालू, कमाई शून्य, रेल्वे बंद, बस बंद. मग लोक चालायला लागले. कसारा घाट चढून, नाशिक ओलांडून, आमच्या गावावरून पुढे. मुंबईपासून आमच्यापर्यंत दोनशे किलोमीटर, आणि इथून मध्य प्रदेशची हद्द आणखी दोनशेच्या आसपास. हद्द म्हणजे घर नाही, बरं का. उत्तर प्रदेश, बिहार तिथून पुढे कित्येक शे किलोमीटर.

मार्चच्या शेवटी बऱ्याच जणांना अडवून शाळांमध्ये, वसतिगृहांमध्ये ठेवलं गेलं. १ मे रोजी देशातल्या पहिल्या काही श्रमिक गाड्या सुटल्या, त्यातली एक नाशिक रोडहून भोपाळला गेली. पण गाड्यांत सगळ्यांना जागा नव्हती, फॉर्म भरायचे, सर्टिफिकेट आणायचं, नंबर लागायची वाट बघायची. मे महिन्यात रोडवर माणसंच माणसं होती. डोक्यावर बोचकी, खांद्यावर लेकरं. कुणी सायकलवर. आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या रिक्षा! घाटकोपर-कुर्ल्याच्या रिक्षा आख्खं कुटुंब घेऊन यूपीकडे चालल्या होत्या. पिंपळगावच्या टोलनाक्यावर मुंबईची रिक्षा बघणं, हे दृश्य मी विसरू शकत नाही.

सगळीकडे प्रेमच होतं असं सांगितलं तर खोटं ठरेल. राज्यात कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकून रस्ते बंद केले होते. लोक घाबरलेले होते. पण त्याच भीतीत, त्याच गावांतून, लोक पिठलं-भाकरी, खिचडी, पुरी-भाजी घेऊन हायवेवर येत होते.

तिकडे यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ, नागपूर-हैदराबाद हायवेवर, एका लंगरात बाबा कर्नैल सिंग खैरा नावाच्या ८१ वर्षांच्या माणसाने आणि त्यांच्या साथीदारांनी लाखो लोकांना जेवू घातलं. हा लंगर १९८८ पासून तिथे चालू होता. मला यातला महत्त्वाचा भाग तोच वाटतो. संकटाच्या दिवशी अचानक दया सुचत नाही. ज्यांच्या घरात मोठी पातेली असतात, ज्यांना पन्नास माणसांची खिचडी किती तांदळाची हे माहीत असतं, तेच त्या दिवशी पटकन उभे राहतात. २०२० ला चैत्रोत्सव झाला नाही, गड बंद होता. पण वाढायची सवय बंद झाली नव्हती.

माझा मोबाईल आणि आजीचा प्रश्न

आता एक कबुली. मीही तेव्हा मित्रांबरोबर चिंचखेड चौफुलीजवळ खिचडीची पाकिटं वाटायला जायचो. आणि वाटताना फोटो काढायचो. स्टेटसला टाकायचो. हेतू वाईट नव्हता, आम्हाला वाटायचं की बघून अजून लोक मदत करतील.

एक दिवस वडिलांच्या वयाचा एक माणूस आला. एका हाताने पाकीट घेतलं, आणि मी दुसऱ्या हातातला मोबाईल वर केला. त्याने मान फिरवली. काही बोलला नाही. पाकीट टेबलावर परत ठेवलं, पाण्याचा एक ग्लास प्यायला आणि निघून गेला. अजून दोनशे किलोमीटर जायचं होतं त्याला, उपाशी.

घरी येऊन मी आजीला सांगितलं, थोडं तक्रारीच्या सुरातच. आजी भाकरी थापत होती. म्हणाली, "आपल्या घरी पाहुणा जेवायला बसला तर त्याचा घास तोंडात असताना फोटो काढतोस का रे तू?"

मी गप्प.

"मग तो कोण होता?"

त्यानंतर मी मोबाईल घरी ठेवून जायला लागलो. आणि आजीने सांगितलेली एक गोष्ट करायला लागलो. आधी विचारायचं, "भैया, कहाँ से आ रहे हो? बैठो थोडा." नुसतं एवढंच. माणसं बसायची, बोलायची. कुणी घरच्या पोरीचा फोटो दाखवायचं. जाताना एकाने आमच्या टेबलाचा हलणारा पाय दगड लावून सरळ करून दिला. तो सुतार होता. गाडगेबाबांचं अंगण झाडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

पिंपळगावच्या माणसाला इथे कुसुमाग्रज आठवल्याशिवाय राहत नाहीत. तात्यासाहेब शिरवाडकरांचं प्राथमिक शिक्षण आमच्या पिंपळगावात झालं, पुढे ते नाशिकला गेले. त्यांची 'कणा' कविता तुम्हाला माहीत असणारच. पुरात घर गेलेला माणूस आपल्या जुन्या सरांकडे येतो. सरांचा हात खिशाकडे जातो, आणि तो माणूस त्यांना थांबवतो. त्याला पैसे नको असतात. शाळेत आपण ही कविता 'जिद्द' म्हणून शिकलो. मला आता ती देणाऱ्यासाठीची कविता वाटते. समोरच्याला काय हवंय, हे विचारायच्या आत आपला हात खिशाकडे जातो. किंवा मोबाईलकडे.

लक्षात कुणी ठेवायचं?

आता शेवटचा मुद्दा. उपकार लक्षात कसे राहतात?

महाराष्ट्रात याचं एक सुंदर उदाहरण आहे, कोल्हापूरजवळ वळिवड्याचं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सरकारने हजारो पोलिश कुटुंबांना घरातून उचलून सैबेरियासारख्या भागात पाठवलं. तिथून सुटल्यावर ते इराणमार्गे भटकत भटकत भारतात आले. १९४३ ते १९४८ या काळात त्यातले सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि मुलं, वळिवड्याच्या छावणीत राहिले. पुढे ही मुलं जगभर पांगली. पण विसरली नाहीत. म्हातारपणी कोल्हापूरला येऊन गेली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे आणि पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली.

म्हणजे पोलिश मुलांना आभार मानता आले. त्यांच्या संघटना होत्या, देश होता, पुन्हा यायला विमानाचं तिकीट होतं.

आमच्या आग्रा रोडवरून गेलेल्या माणसांचं काय? सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की एक कोटी चार लाखांहून जास्त मजूर आपापल्या राज्यांत परतले. आणि वाटेत किती मेले? त्याची नोंद ठेवलेली नाही, हेही सांगितलं. ८ मे २०२० ला पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली, ते जालन्याहून भुसावळकडे चालले होते. ती बातमी आपल्याला आठवते. बाकीच्यांची नावंही नाहीत.

ते परत येऊन 'थँक्यू पिंपळगाव' असा फलक लावणार नाहीत. आणि लावायची गरजही नाही. कारण हिशेब उलटा आहे, मंडळी. मुंबईच्या इमारती कुणी बांधल्या? भिवंडीचे लूम कुणी चालवले? आमच्या द्राक्षांची काढणी कुणी केली? आपण त्यांना एक वेळची खिचडी दिली. त्यांनी आधी किती दिलं होतं, ते आपण मोजलंच नव्हतं. ती खिचडी म्हणजे उपकार नव्हता. उशिरा मानलेले आभार होते.

आणि एक सावधगिरी. आभार आणि दया यांनी हक्काची जागा भरत नाही. २०१८ च्या लाँग मार्चला १२ मार्चच्या संध्याकाळी सरकारने लेखी आश्वासन दिलं. माणसं स्पेशल ट्रेनने घरी गेली. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांना पुन्हा नाशिकहून निघावं लागलं. मार्च २०२३ मध्ये तिसऱ्यांदा, या वेळी दिंडोरीहून. वासिंदजवळ तो मोर्चा थांबला, तिथे एका शेतकऱ्याचा जीव गेला. ज्यांना आपण २०१८ ला चपला दिल्या त्यांना पुन्हा पुन्हा का चालावं लागतं, हा प्रश्न न विचारता नुसत्या चपला देत राहिलो, तर ती माणुसकी अर्धीच.

तर मग आपण काय करायचं? फार मोठं नाही. द्राक्षाच्या सीझनला बागेत टोळी येते, त्यातल्या चार माणसांची नावं विचारा. वॉचमन काका कुठल्या गावचे आहेत ते विचारा. कुणाला काही देताना मोबाईल खिशात ठेवा. आणि घरात २०२० चा, नाहीतर ७२ च्या दुष्काळाचा, कुणीतरी अनोळखी माणसाने केलेल्या मदतीचा किस्सा असेल, तर तो आजी-आजोबांकडून रेकॉर्ड करून ठेवा. नाव असेल तर नावासकट. ज्याची नोंद सरकारकडे नाही, त्याची निदान आपल्याकडे तरी असू दे.

त्या पाकीट ठेवून गेलेल्या माणसाला मी कधी भेटणार नाही. त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं. काका, तुम्ही घरी पोचला असाल अशी आशा आहे. माफ करा. आणि आभार.

भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर ऐकत राहा, विचारत राहा. आणि हो, उन्हाळा आलाय, दारात एक माठ ठेवा.